ताईचा आकडा

तुमसरच्या एसटी स्टँडसमोर, पानठेल्यामागे, गोळीबाराची एक व्हिडिओ गेम मशीन होती. वरून राक्षसांच्या रांगा उतरायच्या, खालून आपलं विमान त्यांना टिपायचं. रुपया टाकला की आपला डाव. नाही टाकला तर मशीन आपली आपणच खेळत राहायची, गिऱ्हाइकाला भुलवायला. खिशात दमडी नसलेली आम्ही पोरं तेव्हा नुसता दांडा धरून उभी राहायचो आणि आपणच खेळतोय असं सोंग करायचो. मीही केलंय, लाज कसली.

करडीला, आमच्या गावी, घरी आलो की ताई खोदून खोदून सगळं विचारायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पोरी तिथं जात नसत, तीही गेली नाही. मग दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, तेव्हा तिथल्या दुकानातून बाबांनी तोच खेळ हातात मावेल असा घेऊन दिला. राखाडी पडद्यावर काळे ठोकळे, मागे दोन पेन्सिल सेल. घेतला खरं तर माझ्यासाठी, पण आठवडाभरात ताईनं मला धूळ चारली. "बाबू, तू घाईच लय करतं. खालचे पहिले मार," म्हणायची, आणि अंगठा असा चालवायची की मला राग यायचा. तिचा सगळ्यात मोठा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात बसला: सात हजार आठशे चाळीस. मी पाच हजारांच्या वर कधी गेलो नाही.

पुढच्या वर्षी धानाचे रोवणे चालू असताना तिला कावीळ झाली. गावात झाडपाल्याचं औषध दिलं, भंडाऱ्याला नेईस्तोवर उशीर झाला. बस, एवढंच. अजूनही मला त्यावर जास्त लिहवत नाही.

तिचे कपडे वाटून टाकले, वह्या रद्दीत गेल्या. राहिला तो आकडा. बटण दाबून खेळ बंद केला तरी तो टिकायचा, पण सेल काढले की पुसला जायचा. म्हणून मी सेल बदलत नव्हतो. खेळतही नव्हतो. दिवसातून एकदा चालू करायचं, आकडा बघायचा, बंद करायचं. पडदा फिका पडत गेला. शेवटी शेवटी तर उन्हात तिरपा धरला तरच दिसायचं. सेल मेले की ताई दुसऱ्यांदा जाणार, असं मला पक्कं वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, तिथंच चुकलो.

आमच्या घरी टॉर्चचे, रेडिओचे सेल उतरले की माय ते सुपात घालून उन्हात ठेवायची. तापवले की आणखी दोन दिवस चालतात. एका दुपारी शाळेतून आलो तर अंगणात वड्यांशेजारी सूप, आणि सुपात दोन पेन्सिल सेल.

मायनं सेल आत बसवले आणि खेळ माझ्या हातात दिला. "अंधुक दिसत होतं ना तुले? आता पाह्य."

पडदा खरंच लख्ख झाला होता. कोपऱ्यात शून्य.

"तिचा आकडा होता माय त्याच्यात," एवढंच मला बोलता आलं. मग चार दिवस तिच्याशी बोललो नाही.

त्यानंतर माय तो खेळ घेऊन बसायला लागली. चालू करायची आणि काहीच दाबायची नाही. थोड्या वेळानं तोही तुमसरच्या मशीनसारखा आपला आपण खेळायला लागायचा. विमान इकडून तिकडे, टिक टिक टिक. घरात आणखी कोणी आहे असं वाटायचं, मलाही. माय दोन्ही अंगठे बटणांवर अलगद ठेवून बघत राहायची.

"पाह्य बाबू, थे खेळून राहिली," एकदा म्हणाली. "खालचे पहिले मारते."

माझं डोकं फिरलं. "कोणी खेळून नाही राहिलं. मशीनच आहे थे," म्हणालो आणि तिच्या अंगठ्यावरून बटण दाबलं. नवा डाव सुरू झाला. मायनं अंगठे उचलले, खेळ माझ्या मांडीवर ठेवला आणि तांदूळ निवडायला गेली. पुन्हा तिनं त्याला कधी हात लावला नाही. तिनं पुसलं ते न कळता. मी मात्र सगळं कळून केलं.

आता हे जुने खेळ पुन्हा विकायला आलेत. परवा मोबाईलवरून तसाच एक मागवला. सेल घातले, चालू केला आणि काहीच दाबलं नाही. थोड्या वेळानं विमान चालायला लागलं. मी अंगठे बटणांवर ठेवले, अलगद. माय आता म्हातारी झाली, डोळ्यांनी कमी दिसतं, कान मात्र तिखट. पलीकडच्या खाटेवरून तिनं विचारलं, "कोण खेळून राहिलं, बाबू?"

"ताई," म्हणालो.

ती त्या टिक टिकच्या बाजूला कुशीवर वळली.

"मंग सेल नको काढू," म्हणाली.