गुहेतली धोबीण

तळ्यावरच्या नावाड्यांत त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, कारण बोटीचं इंजिन बंद पडलं तरी त्याचं तोंड चालूच असे. पंचवीस वर्षं त्याचा एकच फेरा: आधी बगळ्यांचं बेट, मग गुहा, शेवटी पलीकडच्या काठावरचा जमीनदारांचा जुना बंगला. बंगल्याच्या धक्क्याला एका वेळी एकच बोट लागायची. पुढची बोट निघेपर्यंत वीसेक मिनिटं पाहुण्यांना गुहेत रमवावं लागे, आणि गुहेत बघायला होतं काय? दगड, आणि भिंतीवर काजळीचा एक मोठा डाग. लोक जांभया द्यायचे.

म्हणून पहिल्याच वर्षी त्यानं एक गोष्ट ठोकून दिली. बंगल्यावरच्या धोबिणीनं मालकिणीचा हार लांबवला, तीन दिवस ती इथं लपून बसली, आणि ही काजळी तिच्याच चुलीची! बंगल्यावर धोबीण होती हे खरं, ती काम सोडून गेली हेही खरं. बाकी सगळ्या थापा. काजळी तर त्याचीच होती. लहानपणी मित्रांबरोबर तो तिथं मासे भाजायचा. पण लोकांनी डोळे विस्फारले आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. मग गोष्टीत कंदील आले, माग काढणारी कुत्री आली. दुसरे नावाडीही तीच गोष्ट सांगायला लागले, तेव्हा तर त्याची छाती फुगली होती.

त्या दिवशी बोटीत काठी घेतलेल्या एक मावशी होत्या. गोष्ट संपली, लोक हसले, कुणीतरी म्हणालं, “चोरटी बाई भलतीच पोचलेली!” मावशी डागावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाकीचे बोटीकडे निघाले तसा तो त्यांना आधार द्यायला गेला.

“तो हार सापडला का रे पुढं?” त्यांनी विचारलं.

“छे हो मावशी, कुठला सापडतोय!”

“ती माझी आई.”

आधाराला पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला.

“माझी धाकटी जाऊ इथं फिरायला आली होती,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “हीच गोष्ट ऐकून गेली. सासरी माझी नाचक्की झाली. आईला विचारलं, तर ती रडली, शपथा घेतल्या. मी नाही विश्वास ठेवला. नऊ वर्षं तिला घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मनाला खातंय, मीच चुकले का म्हणून. आज ही काजळी डोळ्यांनी पाहिली. आता झोप लागेल मला.”

गप्प बसावं, असं त्याला क्षणभर वाटलं. मावशीही सुखी, आपणही सुटलो. पण मग ती बाई मेल्यावरही चोरच राहणार होती, आणि तिला चोर त्यानं केलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

“मावशी, हार नव्हताच कधी. मी खोटं बोललो. काजळी माझी आहे. लोकांना हसवायला मी तुमच्या आईला…” त्यांनी काठी उगारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यांनी उगारली नाही. डागावरचा हात मात्र काढून घेतला.

“मग एवढं चांगलं काम तिनं सोडलं का?”

“माझी आई तिथंच स्वयंपाकघरात होती, ती सांगायची,” तो मान खाली घालून म्हणाला. “तुमच्या आईला आठवा महिना लागला होता. ओल्या कपड्यांची पाटी उचलवेना. मालकीण म्हणाली, बाळंत हो, मूल गावी ठेव आणि परत ये. पण तुमची आई म्हणाली, लेकराला दूर ठेवून मी जगायची नाही. पहिलटकरीण होत्या ना.”

“थोरली मीच,” मावशी म्हणाल्या, आणि काठी सोडून तिथंच दगडावर बसल्या.