मामांचा उंच भाऊ

हरवलेल्या माणसाचं वर्णन आईकडून कधी घ्यायचं नाही, हा मामांचा पहिला नियम. मामा म्हणजे आमच्या सांगलीच्या पोलीस कचेरीतले हवालदार. नव्वदच्या दशकात तिथे संगणक आला. तो चालवायला मी लागले आणि बेपत्ता माणसांची वर्णनं सांगायला मामा शेजारी बसू लागले. एकीकडे हरवलेले, दुसरीकडे सापडलेले पण पत्ता सांगू न शकणारे. दोन्ही वर्णनं जुळली की माणूस घरी.

पण जुळायची कुठली? "आईला पोरगं गोरंच दिसतंया," मामा म्हणायचे. "भावकीला इचार, खरं रूप तिथं कळतंय." एकदा एक बाई "राजबिंडं हाय माजं लेकरू" म्हणून रडत होती. मामांनी तिला चहा पाजला आणि बांधावरून भांडण असलेल्या तिच्या चुलतदिराला बाजूला घेतलं. त्याने अगदी मन लावून सांगितलं: तिरळा, पोट सुटलेलं, कपाळावर खोक. मी तसं शोधलं, तर पोरगा मिरजेच्या एका दवाखान्यात निघाला.

मग मामांचाच थोरला भाऊ कडेगावहून नाहीसा झाला. वयामुळे या थोरल्या भावांना विसर पडायचा. नोंद मामांनीच सांगितली. "उंच, गोरा, छाती पैलवानाची." रोज सकाळी टोपी काढून ते पडद्यासमोर बसायचे आणि काही निघायचं नाही. त्यांचं जेवण सुटलं. मला ते बघवेना, आणि त्यांचाच नियम त्यांना सांगायचा धीरही होईना.

शेवटी मी मामींना गाठलं. त्यांचं आणि थोरल्या दिरांचं वाटणीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

"कुठलं उंच?" मामी म्हणाल्या. "माज्या कानाला लागत्यात भावजी. रंग तव्यावानी, पुढचं दोन दात न्हाईत. अन् डाव्या कानाची पाळी फाटलीया, ती कोण सांगायचं?" एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "सापडू देत बाई. भांडायला तरी कोण हाय मला?"

कानाच्या फाटक्या पाळीची खूण संगणकात टाकली आणि नोंद निघाली. महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर पावसात बसलेला म्हातारा, आता साताऱ्याच्या दवाखान्यात.

मामा त्यांना घेऊन थेट कचेरीत आले. भाऊ मामांच्या जेमतेम खांद्याला लागत होते आणि चहा अजून का आला नाही म्हणून माझ्यावरच डाफरत होते. मामांनी त्यांचा हात काही सोडला नाही.

"मामा, नोंद दुरुस्त करायचीय," मी म्हणाले. "उंची काय लिहू?"

मामांनी भावाकडे नीट पाहिलं.

"ह्येच्या खांद्यावर बसून मी समदी जत्रा बगितलीया, पोरी. उंचच लिव."