न बोललेला नवस

धारच्या बसस्टँडवर मला सोडायला दादा आणि वहिनी दोघंही आले होते. जायचं कुठं होतं, तर देवासला. लोकांचे भाऊ परदेशी जातात तेव्हा विमानतळावर रडारड होते. माझ्यासाठी वहिनी इंदूरच्या बसच्या खिडकीखाली उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, आणि आजूबाजूच्या लोकांना वाटत होतं की मी कुठल्या लढाईवर निघालोय. दादा म्हणाला, "अगं, इंदूरला गाडी बदलली की देवास. सकाळी निघाला तर दुपारी जेवायला घरी."

"जेवायला येतील हो, पण रोज कोण वाढेल?" वहिनी म्हणाली आणि खिडकीतून डबा आत दिला. पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, कैरीचं लोणचं आणि वर गुळाची पोळी. चौघांना पुरेल एवढं होतं. बेटमा यायच्या आत मी डबा रिकामा केला होता.

याला आता बावीस वर्षं झाली. देवासला सोयाबीनच्या कारखान्यात मी धर्मकाट्यावर आहे. ट्रक आला की भरलेला तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा. माझं स्वतःचं वजन तेव्हा एकशे चौतीस किलो. ड्रायव्हर लोक हसून म्हणायचे, "भिया, आप तो काँटे से दूरइच खड़े रो, म्हारी गाड़ी का हिसाब बिगड़ जायगो." मीही हसायचो. जाड्या माणसाला लवकर हसायला शिकावं लागतं. लग्नाचं वय त्याच हसण्याहसण्यात निघून गेलं.

आमच्या घरात खाणं हीच बोली होती. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले म्हणतात. कोणी सांगायचं घोड्यांना नाल ठोकायला आले, कोणी सांगायचं मुदपाकखान्यात होते. माझा आकार बघून मला दुसरी गोष्ट जास्त पटायची. परीक्षेत नापास झालो, सायकल चोरीला गेली, वडील वारले, काहीही झालं तरी आईचं वाक्य एकच: "आधी पोटभर जेव, मग काय ते बोल." जेवून झाल्यावर बोलायचं काही उरतच नसे. आई गेल्यावर ते वाक्य वहिनीकडे आलं. ती घरात आली तेव्हा मी दहावीत होतो आणि पहिल्याच आठवड्यात तिनं ओळखलं की या दिराला एक पोळी हवी असेल तर तो आधी दोनदा 'नको' म्हणतो.

देवासला मला ओळख मिळाली तीही खाण्यामुळंच. शेजारच्या घरी दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, असले की निरोप येई. सतरा बाफले खाणारा म्हणून गल्लीत माझं नाव होतं. कोणी मला माझ्यासाठी बोलवत होतं की तमाशासाठी, हे मी कधी तपासलं नाही.

मग गुडघे गेले. झोपेत श्वास अडकू लागला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून आत जठराच्या वरच्या बाजूला पट्टा बसवू. पट्ट्याच्या वर अन्नाला जागा राहील जेमतेम वाटीभर. मी फोनवर दादाला सहज विचारल्यासारखं विचारलं, असं असं करतात म्हणे लोक. दादा हसला. "तोंडाला कुलूप घालायला पोट फाडायचं? माणसानं जरा मन आवरावं की." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी त्याला पुढं काहीच सांगितलं नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता इंदूरला जाऊन एकटाच ऑपरेशन करून आलो. फॉर्मवर नातेवाईक म्हणून कारखान्यातल्या माणसाची सही घेतली.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगतो, पट्ट्यानं भूक जात नाही, जागा जाते. आधी दोन आठवडे पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. नंतर एक लहान वाटी, आणि ती संपवायला अर्धा तास. घास नखाएवढा. प्रत्येक घास इतका चावायचा की त्याला चवच उरत नाही. जेवताना पाणी नाही. घाईनं पोळीचा तुकडा गिळला तर तो छातीत अडून बसतो, तोंडाला पाणी सुटत राहतं आणि शेवटी मोरीकडे पळावं लागतं. हे सगळं मला शिकता आलं. कठीण होती ती उरलेली वेळ. पूर्वी संध्याकाळ म्हणजे कचोरी, मग भुट्ट्याचा कीस, मग कुणाच्या तरी ओट्यावर बसून शेव-चहा. आता संध्याकाळ नुसतीच संध्याकाळ होती. शेजाऱ्यांनी दोनदा बोलावलं, माझी वाटी बघितली, आणि तिसऱ्यांदा निरोप आला नाही. त्यांचं चुकलं म्हणत नाही. चार घास खाणाऱ्याला बोलावून यजमानाचाच विरस होतो. वजन उतरत होतं आणि खोलीत मी एकटाच ते बघायला होतो.

दिवाळीनंतर आठवड्यानं दादाला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. इंदूरच्या इस्पितळात मी पंधरा दिवस होतो, पण इस्पितळात कोणी कोणाचं ताट बघत नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, चिंतेनं तुम्ही तर एकदम सुकून गेलात." मी मान हलवली. पहिलं खोटं ते, न बोलता केलेलं.

दुसरं चंपाषष्ठीला. आमच्याकडे खंडोबाचा कुलधर्म असतो. भरीत असतंच, पण रोडग्याच्या जागी माळव्यात आल्यापासून बाफले आले आहेत, गोवरीवर भाजून तुपात बुडवलेले. दादा घरी आला होता, खाटेवर पडून भिंतीकडे बघत होता. अशा घरातही वहिनीनं कुलधर्म चुकवला नाही. माझ्या ताटात तिनं चार बाफले एकदम ठेवले. मी वाटीतलं भरीत आणि पाव बाफला खाल्ला आणि ताटावर हात धरला. सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. प्रकृती बरी नाही म्हटलं असतं तर आणखी दोन बाफले आणि ओवा आला असता. आजाराला आमच्याकडे आग्रह हेच औषध. ऑपरेशन म्हटलं असतं, तर खाटेवरचा दादा ऐकत होता. मी म्हणालो, "देवीला बोललोय."

वाढणारे हात मागे गेले. नवस कशासाठी, हे विचारायचं नसतं, म्हणून कोणी विचारलंही नाही. मी सुटलो असं वाटलं. पण वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे, आणि हातातली तुपाची वाटी खाली ठेवून देवघरात जाऊन डोकं टेकलं. तिनं काय धरलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी तोंडातला शेवटचा घास चावत बसलो.

संक्रांतीच्या सुमाराला दादाची बोटं हलली. मग मनगट. मग एक दिवस त्यानं "पाणी" म्हटलं. नातेवाइकांत बातमी फिरली की सुधाकरनं अन्न सोडलं म्हणून भाऊ उठला. ज्या मामींनी मला जन्मभर खादाड म्हटलं त्या फोनवर "तुम्ही" म्हणू लागल्या. आणि खरं सांगू का, मला ते आवडलं. लाज वाटण्याच्या आधी आवडलं. पन्नास वर्षांत माझ्या ताटाकडे पहिल्यांदाच कोणी आदरानं बघत होतं. तिकडे देवासच्या खोलीत हा तपस्वी श्रीखंडाचा डबा घेऊन बसायचा. श्रीखंडाला पट्टा अडवत नाही, ते सरळ खाली उतरतं. डॉक्टरांनी बजावलेलं होतं की हेच करू नका. पोट मागत नव्हतं, घसा मागत नव्हता, मग कोण मागत होतं कोण जाणे. चमचा खरडल्याचा आवाज खोलीत मोठा वाटायचा.

चैत्रात दादाचा फोन आला. स्वतः लावलेला पहिलाच. शब्द एकेक करून येत होते. "सुध्या. ती जेवत नाही."

"कोण? वहिनी?"

"तुझ्याएवढंच. वाटी. म्हणते, नवसाचा अर्धा भार माझा." मग बराच वेळ नुसता श्वास. "काल पडली. शुगरची गोळी... वर अन्न नाही. तू सांग. माझं... ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली. बेटम्याच्या पुढं दोन्ही बाजूंना गहू कापून झालेली मोकळी रानं होती. वाटेत मी तीन प्रकारे बोलून पाहिलं, तिन्ही वाक्यं खोटी वाटली.

वहिनी स्वयंपाकघरात होती. चार महिन्यांत बाईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कपाळाला पडल्याची खोक होती. ओट्यावर दोन सारख्या वाट्या मांडलेल्या, एक माझी, एक तिची. चंपाषष्ठीला मी जिच्यातून भरीत खाल्लं होतं त्याच जोडातल्या.

"वहिनी, नवस नव्हता," मी म्हणालो. "ऑपरेशन केलंय. पोटाला पट्टा बसवलाय, जेवण कमी जावं म्हणून. दादाच्या आजाराच्या आधीच."

तिला कळेना. "कसला पट्टा?"

मी सदरा वर केला. पन्नाशीच्या माणसानं, आईसारख्या वहिनीपुढं, ते लोंबतं पोट उघडं केलं. बारीक बारीक चार-पाच व्रण, आणि बरगडीखाली कातडीच्या आत सुपारीएवढं टेंगूळ, जिथून सुई घालून पट्टा आवळतात. ती बघत राहिली.

"मग ह्यांचा हात कसा हलला?"

"डॉक्टरांच्या औषधांनी. आणि तुम्ही रोज दोन वेळा व्यायाम करून घेता, मालिश करता, त्यानं. तुम्हीच उठवलंत त्याला. मी काही केलं नाही."

मला वाटलं होतं हे ऐकून तिला बरं वाटेल. ती चुलीपाशी टेकली. आवाज चढला नाही तिचा.

"मी भुकेनं रडलेय, भाऊजी. ह्यांना भरवताना तोंडाला पाणी सुटायचं, चेहरा फिरवायची. पोळ्या लाटता लाटता हात कापायचे. मनात म्हणायची, भाऊजी तिकडे एकटे उपाशी आहेत, त्यांना कोणी बघायलाही नाही, तर मी काय मोठी लागून गेले. तुम्हाला पट्टा होता. मला काय होतं?"

मी "चुकलो" म्हणालो. तो शब्द त्या स्वयंपाकघरात फारच लहान होता.

थोड्या वेळानं ती उठली. स्वतःचं ताट घेतलं. भात, वरण, दोन पोळ्या, भाजी, लोणचं, सगळं वाढून घेतलं आणि जमिनीवर बसून माझ्याकडे न बघता जेवू लागली. मी माझी वाटी घेऊन समोर बसलो. बसा म्हणून तिनं म्हटलं नाही, उठा म्हणूनही नाही. ती रागानं जेवत होती, पण तब्येतीनं जेवत होती. पाठीमागून खाटेचा आवाज आला. दादानं उशीवरून मान उचलून इकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली. माझं ऑपरेशन त्याला आता कळलं होतं.

त्यानंतर वहिनी माझ्याशी बोललेली नाही. पाच आठवडे झाले. मी देवासला परत आलो, श्रीखंडाचा डबा आणणं बंद केलं, निदान बहुतेक दिवस. आदरानं "तुम्ही" म्हणणाऱ्या मामी पुन्हा एकेरीवर आल्या, ते बरंच झालं. दुपारी दीडच्या सुमाराला, काट्यावर ट्रक कमी असतात तेव्हा, दादाचा फोन येतो. तो एकच शब्द बोलतो, "जेवली." आणि ठेवतो.

गाव सोडून गेलेल्या आपल्या लोकांच्या गप्पांत घराचा विषय निघाला की सगळे पदार्थांवर येतात. कोणाला धारची पोहे-जिलबी आठवते, कोणाला आईची आमटी. मीही बावीस वर्षं तेच करत आलो. आता पदार्थ माझ्या कामाचे राहिले नाहीत. माझ्यापुरतं घर म्हणजे तो दीडचा फोन, ज्यात मला कोणी काही वाढत नाही. कधी कधी दहा मिनिटं उशीर होतो, तेव्हा जीव घाबरतो, आणि कळतं की आपण अजून तिथलेच आहोत.

आज फोन आला. दादा म्हणाला, "जेवली." ठेवणार, एवढ्यात मागून भांड्यांचा आवाज थांबला आणि वहिनीचा आवाज आला, जरा लांबून, रुसलेलाच. "आणि ते?"

दादानं विचारलं, "तू... जेवलास?"

पुढ्यात मुगाच्या खिचडीची वाटी होती, झाकलेली. पूर्वीचा मी असतो तर "हो, पोटभर" म्हणून मोकळा झालो असतो.

"अजून नाही," मी म्हणालो. "तिला सांग, तिचं व्हायची वाट बघत होतो. रोजच बघतो."