ताणावरची बाग

संत्र्याच्या झाडाला फूल हवं असेल तर आधी त्याला तहानलेलं ठेवावं लागतं. थंडीत पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळू द्यायची आणि मग वेळ पाहून पाणी सोडायचं. याला ताण देणं म्हणतात. चांदूर बाजारकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आमच्या पाळकसाहेबांना मी दर हिवाळ्यात सांगतो.

मिशनची बाग मी सांभाळतो. तिच्या संत्र्यांवर मिशनचा दवाखाना चालतो, म्हणजे एक सिस्टर आणि आसपासच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. परगावच्या देणगीदारांनी आम्हाला शेततळं आणि ठिबक करून दिलं, त्याचे उपकार आहेतच. पण उद्घाटनाची तारीख त्यांनी आपल्या सुट्ट्या पाहून ठरवली आणि ती नेमकी ताणात आली.

"साहेब, पाणी वांग्यात सोडा," मी बजावलं. "बागेच्या वॉल्व्हले कोनी हात लावू नका." वांग्याच्या वाफ्याशी फीतसुद्धा मीच बांधली.

फीत कापली, प्रार्थना झाली आणि मी पंगतीच्या तयारीला गेलो. तेवढ्यात एका वयस्कर पाहुण्या बाईंना बागेतली सुकलेली झाडं दिसली. झाडावर हात ठेवून त्या चक्क रडल्या म्हणे. साहेबांचं मन मेणाचं. "थोडंसंच" म्हणत त्यांनी बागेचा वॉल्व्ह उघडला आणि सगळ्यांना घेऊन जेवायला आले. रोडगे आणि वांग्याची भाजी पुढ्यात आल्यावर तो बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहणार?

पाहुण्यांना निरोप देऊन मी बागेत गेलो तर चप्पल चिखलात रुतली. माझं डोकंच फिरलं.

"काहून सोडलं जी पाणी?"

"अरे, झाडं मरून राहिली होती. मले पाहावलं नाही."

"मरून नव्हती राहिली साहेब, फुलाची तयारी करून राहिली होती!"

"देव पाहून घेईन," ते म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की मला आणखीच चीड आली.

पुढं शेजारच्या बागा फुलांनी घमघमल्या. आमच्या बागेला नुसती पालवी फुटली, हिरवीगार, लुसलुशीत. बांधावरून शेजारी ओरडला, "तुमच्या बागेत निरा पालाच हाये बाप्पा!" सौद्याला आलेला व्यापारी गाडीतून उतरलासुद्धा नाही. कमिटीची बैठक बसली, दवाखाना बंद ठेवायचं ठरलं आणि सिस्टर अकोल्याला दुसऱ्या कामावर गेली. साहेबांनी मात्र त्या हिरव्या बागेचा फोटो पाहुण्यांना पाठवला. बाईंचं उत्तर आलं, की झाडं वाचलेली पाहून डोळे निवले. ते उत्तर साहेबांनी मला कौतुकानं वाचून दाखवलं. मी दातओठ खात ऐकून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी एक आजी गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन पायी आली. दवाखान्याच्या दाराशी थोडा वेळ बसली, मग बागेच्या फाटकाशी येऊन मला म्हणाली, "एवढी हिरवी बाग हाये तुमची, अन् दवाखान्याले कुलूप काहून?"

मी तिचा हात धरला, तिला पाळकसाहेबांच्या ओट्यावर नेलं आणि कडी वाजवली.

साहेब हसतमुख बाहेर आले. "काय झालं?"

"आजी इचारून राहिली," मी म्हणालो. "सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एरवी अशा वेळी मीच पुढं होऊन त्यांची बाजू सावरतो. त्या दिवशी मी आजीला पुढं केलं आणि एक पाऊल मागं सरलो.