सातवी चिंधी

मेस्त्रींना न घाबरणारी माणसं आवडायची नाहीत. त्यांच्या वाकोल्याच्या गॅरेजात कुणी "काय नाय, करून टाकू" म्हणत हसत आला, की ते त्याच्या हाती पाना देत नसत. पहिल्या दिवशी मी बॉनेट उघडून उभी राहिले तेव्हा माझ्या हातातला पाना बंपरवर टकटक वाजत होता.

"भियालंस गो?"

"हो."

"बरां झालां. भियाणारो मानूस बोल्ट दोनदा बघता."

गाडी बाबांची. ते गेल्यापासून सोसायटीच्या आवारात उभी होती आणि इंजिन जाम झालं होतं. महिनाअखेरपर्यंत चालू करून दाखवा, नाहीतर जागा काढून घेऊ, अशी नोटीस लागली; जागा गेली की गाडी भंगारात. तीन मेकॅनिकांनी हात वर केले. मेस्त्री हो म्हणाले, पण त्यांची बोटं सारखी थरथरायची. "माजे हात आता माजा आयकनत नाय," ते म्हणाले. "मी सांगतंय, तू कर." मी ऑफिसात रजा टाकली आणि गाडी ओढून त्यांच्याकडे नेली. तोवर मी गाडीचं साधं चाकही बदललेलं नव्हतं.

मला सगळ्याचीच भीती वाटत होती. पिस्टनवर चढवायची रिंग बोटांनी जरा जास्त फाकवली की तुटते. मेस्त्री शेजारी स्टुलावर बसून म्हणायचे, "कासार बांगडी भरता तसो हात ठेव." एक रिंग तुटलीच. मी शिक्षणाचा काही उपयोग नाही असं पुटपुटले, तर म्हणाले, "पिस्टनाक तुजी डिग्री दिसना नाय गो." आणि दुसरी रिंग पुढे केली.

त्यांची एक पद्धत होती. इंजिन उघडलं की प्रत्येक उघड्या भोकात चिंधी कोंबायची, म्हणजे नट आत पडत नाही. चिंध्या त्यांच्या बायकोच्या जुन्या तांबड्या लुगड्याच्या, काळ्या लोखंडात लांबून दिसणाऱ्या. किती घातल्या तो आकडा भिंतीवर खडूने लिहायचा, आणि काढलेली प्रत्येक चिंधी त्याखालच्या खिळ्याला लावायची. आमचा आकडा होता सात. "सात आत, सात भायर," ते रोज म्हणायचे. "एक आत रवली तर इंजिन गेला."

महिना संपायला तीन दिवस होते. मी हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, त्यांनी सांगितले तसे आवळले. हात धुतले. खिळ्यावरच्या चिंध्या मोजल्या. सहा.

परत मोजल्या. सहाच.

"खोल," मेस्त्री म्हणाले.

"मेस्त्री, हेडखालचं गॅस्केट एकदा दाबलं गेलं की परत वापरता येत नाही. दुसरं एकच आहे. आणि दिवस तीन."

त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "मगे मार स्टार्टर."

मी किल्ली धरून उभी राहिले. किल्ली परत दिली आणि पाना घेतला.

सगळं उघडलं. विजेरी घेऊन प्रत्येक भोक बघितलं, इंजिनाखालचं तेलाचं तसराळं काढून तेही बघितलं. चिंधी कुठेच नव्हती. दुपार उलटली. मेस्त्रींनी घाम पुसायला खिशात हात घातला आणि तांबडी चिंधी काढली.

"ही हय कशी इली गो?" ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग स्टुलावर बसून हळूच म्हणाले, "आज मी भियालंय."

मला रडूबिडू येत नाही. मी म्हटलं, "बरं झालं. आता माझा प्रत्येक बोल्ट दोनदा बघा."

ते हसले, पण हात स्टुलाला घट्ट धरून होते.

शेवटच्या दिवशी इंजिन आधी नुसतं खोकलं. दुसऱ्या वेळी पकडलं. मी इतकी घाबरले होते की किल्ली सोडायचंच विसरले. स्टार्टर किंचाळला तेव्हा मेस्त्री ओरडले, "सोड गो बाय, चालू झाली!"

ते त्यांच्या गॅरेजातलं शेवटचं इंजिन. त्यानंतर गॅरेज बंद करून ते गावी मुलाकडे गेले. जाताना मला सहा चिंध्या दिल्या. सातवी परत खिशात घातली.

मी रविवारी फोन करते. सून त्यांच्या कानाला लावते. माझं नाव आता त्यांना आठवत नाही. गाडी चालते म्हटलं की मात्र लगेच विचारतात, "सात इल्यो?"

"सहा माझ्याकडे, एक तुमच्या खिशात."

मग फोनवर खिसा चाचपल्याची खसखस. "आसा गो, आसा."

ती खसखस ऐकू येईपर्यंत मी श्वास रोखून धरते. एखाद्या रविवारी ते विचारतील, "कसलो खिसो?"