खाली येणारे पास

शिडी हे नाव तिला शाळेत पडलं आणि घरीही तेच चिकटलं. वडील शिंपी. दर काही महिन्यांनी लेकीच्या फ्रॉकची दुमड उसवत ते बायकोला विचारायचे, "अगं, ही कुठे थांबणार आहे की नाही?" खेळाच्या बाईंनी तिला बास्केटबॉलच्या संघात घेतलं तेव्हा मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. शाळा सुटल्यावर परक्याच्या पोरीला अंधार पडेपर्यंत थांबवून घेण्यात बाईंचा काय फायदा? काजं-बटणांचं काम पिशवीत घालून ते मैदानाच्या कठड्यावर येऊन बसायला लागले. एक डोळा सुईवर, एक बाईंवर. वावगं काही सापडलं नाही. पण वर्षभरात पंचांशी हुज्जत घालण्याइतका खेळ त्यांना कळायला लागला.

पहिल्याच मोठ्या स्पर्धेत समोरच्या शाळेने हरकत घेतली. एवढी उंच मुलगी चौदाच्या आतली असेलच कशी? वय ठरवायला शिडीच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांनी तिच्या बाजूने साक्ष दिली, शाळा जिंकलीही, पण ती बक्षीस घेऊन उतरत असताना गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आजीबाई, सावकाश!" सगळे हसले. त्या दिवसापासून वडिलांचा स्वभाव तिच्यात पुरता उतरला. कुणी कौतुक केलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची.

पुढे एका विमा कंपनीने तिला खेळाडू म्हणून नोकरी दिली. सकाळी सराव, दुपारी टेबल. तिथे तिला चिमणी भेटली. ठेंगणी, बडबडी, अंगभर डोळे असल्यासारखी. शिडीने बास्केटखाली उडी मारावी आणि चिमणीने न बघता फेकलेला चेंडू वर हवेत तिच्या हातात यावा, असं वर्षानुवर्षं चाललं. दोघी देशाच्या संघातही खेळून आल्या. शिडीने कुणावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल तर तो त्या पासवर. नवऱ्यावरसुद्धा नाही. नवरा नकाशे काढणारा, तिच्या खांद्याला लागणारा, शांत माणूस. "माझ्याशी लग्न का केलंस?" हे ती त्याला अजून अधूनमधून विचारायची, आणि तो म्हणायचा, "माळ्यावरचे डबे काढायला."

मग संघात नवी आली. शिडीएवढीच उंच, वयाने कितीतरी लहान. आणि थोड्याच दिवसांत शिडीच्या लक्षात आलं की चिमणीचे पास खाली यायला लागलेत. छातीशी, कधी कमरेशी. नवीला मात्र वर, अगदी बोटांच्या टोकावर.

"मुद्दाम करतेय," ती घरी म्हणाली.

"अगं, पास खाली आला म्हणजे खाली आला," नवरा म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं असं बोलायला?"

त्याने कपाळावर हात मारला.

ती पाळत ठेवायला लागली. ती खोलीत आली की चिमणी आणि प्रशिक्षक बोलता बोलता गप्प व्हायचे. चिमणी नवीला पाण्याची बाटली द्यायची, तेही तिला खुपायचं. एकदा चेंडू ठेवायच्या खोलीबाहेर ती बुटाची नाडी बांधत वाकली असताना आतून चिमणीचा आवाज आला, "सर, शिडीला इतक्यात काही सांगू नका."

सराव संपून सगळ्या पांगल्यावर तिने चिमणीला कोर्टावरच अडवलं.

"मला पास खाली का देतेस?"

चिमणी पहिल्यांदाच बोलायला वेळ घेत होती. "कारण उजव्या पायावर तू उडीच मारत नाहीस. गेल्या हंगामापासून."

"खोटं."

"सर तेव्हाच तुला काढणार होते. मी म्हटलं, तिला चेंडू खालून देते, ती वळून टाकेल. टाकतेस की नाही?"

"म्हणजे माझ्या गुडघ्याचं सगळ्यांना ठाऊक, आणि मला कुणी बोललं नाही!"

"जिना आडवी होऊन उतरतेस ते काय हौस म्हणून?"

दुखतंय हे शिडीने नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. "आणि नवीला वर का?"

"तिला उडी मारता येते गं."

हे ऐकून तिला जे झोंबलं ते आधीच्या कुठल्याच संशयाने झोंबलं नव्हतं. डॉक्टरांनी गुडघ्यातली गादी झिजल्याचं सांगितलं. तिने निवृत्ती जाहीर केली. शेवटच्या सामन्याआधी चिमणीला म्हणाली, "आज एक तरी वर दे. पडले तर पडले." चिमणीने दिला. शिडी उडाली, पण चेंडू बोटांना घासून पलीकडे गेला. तो नवीने पकडून बास्केटमध्ये टाकला. लोकांनी शिडीसाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या कुठल्या कारणासाठी आहेत हे शोधत ती बाकावर जाऊन बसली.

कंपनीने तिला दाव्यांच्या तपासणीला बसवलं. तिथे तिचा स्वभाव कामी आला. कुणी कितीही गळा काढो, ती आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची. पण एक गोष्ट तिला कुरतडत राहिली. चिमणीने गुडघा झाकला तो मैत्रीपोटी, की नवी तयार होईपर्यंत संघाला दुसरं कुणी नव्हतं म्हणून?

चिमणी तोवर कर्णधार झाली होती. एका दुपारी ती टेबलाशी चहा प्यायला आली, तेव्हा शिडीने सरळ विचारून टाकलं.

चिमणीने कपातला शेवटचा घोट घेतला. "दोन्ही गं. मलाही जिंकायचं होतं."

शिडीने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. चिमणी नुसतं "तुझ्यासाठी" म्हणाली असती तर तिने एक अक्षरही खरं मानलं नसतं. शिडी उठली आणि अजून एक चहा सांगायला गेली.