पॉमेरियनचं वजन

आमचे आबा जुने पैलवान. त्यामुळं घरात आलेलं पॉमेरियनसुद्धा आखाड्यात उतरवायचं असल्यागत त्यांनी त्याचा खुराक सुरू केला. रोज सकाळी त्याला दूध कट्ट्यावर न्यायचे, डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध आधी स्वतः प्यायचे, मग त्याला वाटीभर. वर घरी तुपातली चपाती. कोल्हापुरात याला कुणी लाड म्हणत नाही. दोन वर्षांत कुत्रं सहा किलोचं झालं आणि बदकागत खोकायला लागलं.

"अशक्तपणा हाय," आबा म्हणाले. "खुराक वाढवा."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. या लहान जातीची श्वासनळी नाजूक, चरबीनं दबते. दूध-तूप बंद, गळ्यातला पट्टा काढून छातीला बांधायचा घ्या, वजन चारवर आणा, नाहीतर एक दिवस श्वास अडकेल म्हणाले. मी लगेच घरचा सुभेदार झालो. दर रविवारी कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर चढायचो आणि त्यातनं माझे पासष्ट वजा करायचो. खोकला कमी झाला, पण काटा काही एकाहत्तरवरनं हलेना. तीन महिने!

"आबा, तुम्ही चोरून घालताय त्याला."

"न्हाय रं. तालमीतल्या मातीची शपथ."

मी चक्क हसलो. आबांनी कट्ट्यावर जाणंच सोडलं. मी कुत्र्याचं खाणं आणखी निम्मं केलं. कट्ट्यावर लावलेलं त्याच्या वाट्याचं दूध आणि घरची तुपातली चपाती वाया कशाला घालवायची, म्हणून पथ्य सुरू झाल्यापासून ते सगळं रोज मीच संपवत होतो.

एका सकाळी कुत्रं थरथरत आडवं झालं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसा आबांनी त्याच्या हिरड्यांना मध चोळला आणि त्याला पोटाशी धरून दवाखान्यात आणलं. तिथल्या काट्यावर ते साडेतीन किलो भरलं.

"अहो, उपाशी मारताय की! साखर उतरलीय त्याची. घरी वजन कोण करतं?"

मी मोठ्या कुत्र्यांच्या काट्यावर चढलो. साडेसदुसष्ट. कुत्र्याचं उतरलेलं सगळं माझ्या अंगावर चढलं होतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी आबांच्या तळहातावर मऊ खाण्याचा घास ठेवला. कुत्रं मान वर करून बघत होतं. आबांनी मूठ मिटली आणि माझ्याकडं बघितलं.

"देऊ न्हवं?"